‘स्ट्राँग’ हा चवीचा शब्द नाही, अबकारीचा आहे

पुणे-बंगळूर महामार्गाने साताऱ्याहून कराडकडे निघावे आणि पेठ नाक्यावरून सांगलीला वळावे. या वाटेवर एक पाटी पुन्हापुन्हा भेटते : ‘परमिट रूम’. बार या साध्या शब्दाऐवजी महाराष्ट्रात हे विचित्र नाव का रूढ झाले, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. उत्तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. या कायद्याने राज्यात दारू पिणे हा गुन्हा ठरवला आणि ज्याच्याकडे परवाना असेल त्याला त्यातून सूट दिली. कायदा पुढे सैल झाला, त्याचे नावही बदलले, पण सांगाडा तोच राहिला. आजही कागदोपत्री या राज्यात दारूबंदी आहे आणि पिणारा प्रत्येक माणूस त्या बंदीचा अपवाद आहे.

या थ्रेडचा विषय मात्र पाटी नाही. अशा परमिट रूममध्ये किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या एखाद्या हॉटेलात पिवळ्या बिअरच्या रांगेत अधूनमधून जी एक काळी बाटली दिसते, तिची ही गोष्ट आहे. लेबलावर जहाज, शिडे, एखादा दाढीवाला इंग्रज आणि दोन शब्द : ‘स्ट्राँग’ आणि ‘डार्क’. (बिअरसाठी महाराष्ट्रात वयाची अट २१ वर्षांची आहे. त्याखालील वाचकांनी हा मजकूर निव्वळ इतिहास म्हणून वाचावा. कायद्याने तेवढीच मुभा दिली आहे.)

कडक काळ्या एलकडून जाणकाराची अपेक्षा काय असते, ते या मातीतल्या चवींनीच सांगता येते. पहिल्या घोटात काकवीचा दाट, किंचित कडवट गोडवा. मागोमाग तासगावच्या बेदाण्याची आंबटगोड झाक. मग तव्यावर क्षणभर जास्त राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा खरपूस वास, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा कडूपणा, बिनसाखरेच्या कॉफीसारखा. मद्यार्क असतो, पण तो घशाला बोचत नाही. छातीत सावकाश ऊब धरतो.

प्रत्यक्षात बऱ्याचदा हाती येते ते वेगळेच. रंग काळा, फेस बरा, वास जवळजवळ नाही. नसणारच, कारण पेला बर्फासारखा थंड करून दिलेला असतो आणि असल्या थंडीत कोणतीही गुंतागुंतीची चव झोपी जाते. अशी एल दहा-बारा अंश सेल्सिअसला प्यायची असते. पेला थोडा निवळू दिला, तर जिभेला कळते ती चिकट गोडी, तिच्याखाली मद्यार्काची उघडी धार आणि मध्ये पोकळी. जिथे धान्य असायला हवे तिथे काहीच नाही. दोन घोटांनंतर लेबलावरचे जहाज बुडालेले असते.

याचा दोष सरसकट बिअर गाळणाऱ्यावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण या अपेक्षाभंगाला इतिहास आहे, आणि तो लेबलावर छापलेल्या इतिहासाहून बराच निराळा आहे.

लेबलावरील गोष्ट सर्वांना पाठ असते. भारतातल्या गोऱ्यांना बिअर हवी होती. लांबच्या समुद्रप्रवासात ती नासत असे. म्हणून लंडनच्या बो भागातल्या हॉजसन नावाच्या व्यावसायिकाने जास्त हॉप्स आणि जास्त मद्यार्क घालून ‘इंडिया पेल एल’ शोधून काढली. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहायला हवे. मार्टिन कॉर्नेल यांच्यासारख्या बिअरच्या इतिहासकारांनी जुन्या जाहिराती आणि व्यापाराची कागदपत्रे चाळून तिचे बहुतेक दुवे खिळखिळे केले आहेत. हॉजसनच्या आधीही इंग्लंडातून भारतात बिअर येत होती आणि ती पिण्यालायक अवस्थेत पोचत होती. हॉजसनने काही नवे शोधल्याचा पुरावा नाही. त्याची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लागत त्या गोदीजवळ होती, आणि जहाजांच्या कप्तानांना तो उधारीवर माल देत असे. त्याच्या यशाचे खरे रहस्य एवढेच. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव तर १८२९ पासूनच्या जाहिरातींत दिसू लागते, म्हणजे माल आधी आणि नाव कित्येक दशकांनी.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की फिकट एल हे अधिकाऱ्यांचे आणि मुलकी साहेबांचे पेय होते. बराकीतल्या साध्या गोऱ्या शिपायासाठी कंपनी जी बिअर मागवत असे, ती काळी होती : पोर्टर. लंडनचे हमाल पीत म्हणून पोर्टर हे नाव पडले. हिंदुस्थानात जी बिअर पिंपांनी आणि हजारोंच्या संख्येने आली, ती ही. म्हणजे काळ्या बिअरच्या लेबलाला जर भारताशी नाते सांगायचेच असेल, तर ते खोट्या गोष्टीवाचूनही सांगता येते. तरीही कल्पित कथाच छापली जाते. साहेबाच्या पेयाला जे वलय मिळाले ते शिपायाच्या पेयाला मिळाले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सातारा या कथेत कुठे बसतो? १८१८ मध्ये पेशवाई संपली, छत्रपती प्रतापसिंह साताऱ्याच्या गादीवर आले आणि त्यांच्याजवळ ग्रँट डफ हा कंपनीचा रेसिडेंट बसला. दहा वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम महाबळेश्वराच्या हवेवर भाळला. १८२९ मध्ये खंडाळा गाव देऊन त्याच्या बदल्यात महाबळेश्वर कंपनीने प्रतापसिंहांकडून घेतले. १८४८ मध्ये शहाजीराजे वारले आणि डलहौसीने संस्थान खालसा केले. साताऱ्याचा ‘कॅम्प’ आणि ‘सदर बझार’ ही नावे त्या काळाची साक्ष देतात. मुंबई बंदरात उतरलेले पिंप बैलगाडीने घाट चढून इथवर यायचे, तेव्हा त्यातल्या बिअरची काय दशा होत असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. दख्खनच्या उन्हाळ्यात काळ्या बिअरने केलेला अपेक्षाभंग काही आजचा नाही.

आता त्या पोर्टरच्या आत डोकावायला हवे, कारण खरी मेख तिथे आहे.

अठराव्या शतकातली पोर्टर तपकिरी मॉल्टची असे. मॉल्ट म्हणजे मोड आणून भाजलेले जव. तपकिरी मॉल्ट खरपूस भाजलेला, त्यामुळे रंग आणि चव दोन्ही त्याच्यातूनच येत. मग १७८० च्या दशकात जॉन रिचर्डसन या ब्रुअरने बिअरच्या पाण्यात किती साखर उतरली हे मोजणारे तरंगते उपकरण प्रचारात आणले : सॅकरोमीटर. मोजमाप हाती येताच भट्टीवाल्यांच्या ध्यानात आले, की तपकिरी मॉल्ट दिसायला दमदार असला तरी त्यातून साखर कमी उतरते. तेवढ्याच पैशात फिकट मॉल्ट जास्त मद्यार्क देतो. सगळे फिकट मॉल्टकडे वळले. बिअर कडक राहिली, पण पांढुरकी पडली! गिऱ्हाइकाला पोर्टर काळी हवी होती. त्यावर १८१७ मध्ये डॅनिएल व्हीलरने जवळजवळ कोळसा होईपर्यंत मॉल्ट भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. असा काळा मॉल्ट चिमूटभर टाकला की सगळे पिंप काळे.

त्या दिवसापासून काळेपणा आणि कडकपणा यांची फारकत झाली. रंग एका पोत्यातून, जोर दुसऱ्या पोत्यातून. चव या दोन्हींच्या मध्ये जी उभी होती, तिला मोजणारे उपकरण कोणी केले नाही. आजच्या निराश करणाऱ्या काळ्या बाटलीचे बीज या फारकतीत आहे. बिअरच्या अंगात जो भरीवपणा असतो, तो मॉल्टमधल्या न आंबलेल्या शर्करांचा आणि प्रथिनांचा असतो. नुसती साखर घालून जोर वाढवला, तर यीस्ट ती साखर पूर्ण खाऊन टाकते. मद्यार्क मागे राहतो, अंग राहत नाही. त्यावर चार दाणे करपवलेला मॉल्ट टाकला, की काळ्या रंगाची पोकळी तयार.

इंग्लंडात ही युक्ती नफ्यासाठी आली. मुंबई इलाख्यात मात्र मद्याचे मोजमाप थेट कायद्यानेच मद्यार्काशी बांधले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा या प्रांताच्या मद्येतिहासातला सर्वांत मोठा टप्पा आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी चर्चिलेला. त्यापूर्वी दारू गाळण्या-विकण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई. मक्तेदार काय गाळतो, किती कडक गाळतो, याच्याशी सरकारला फारसे देणेघेणे नव्हते. मक्त्याची रक्कम मिळाली की झाले. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने ही घडी मोडली. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मध्यवर्ती भट्टीत गाळायची आणि भट्टीच्या दारातच तिच्यावर कर घ्यायचा. हा कर दारूच्या प्रकारावर नसे, ती मोहाची की गुळाची यावरही नसे. तो असे तिच्या जोरावर, म्हणजे ‘प्रूफ’वर.

प्रूफ हा शब्द त्या काळी तोफखान्याच्या जवळचा मानला जाई. बंदुकीची दारू मद्याने भिजवावी. तरीही पेटली तर मद्य ‘सिद्ध’ झाले, असा त्याचा परंपरेने सांगितला जाणारा उगम. पुढे साइक्सच्या हायड्रोमीटरने हे काम हाती घेतले. शंभर अंश प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. त्याहून पंचवीस अंश खाली, म्हणजे ‘२५ अंडर प्रूफ’, म्हणजे ४२.८ टक्के. भारतात व्हिस्की-रमच्या बाटलीवर आजही हाच ४२.८ चा आकडा छापलेला असतो. चाळीस किंवा पंचेचाळीस असा सरळ आकडा का नाही, याचे उत्तर व्हिक्टोरियाच्या काळातल्या अबकारी खात्यात आहे. मराठीतला ‘दारू’ हा शब्द पिण्याच्या आणि उडवण्याच्या अशा दोन्ही पदार्थांना लागतो, हा योगायोग मात्र भाषेचा स्वतःचा.

सरकार ज्या गोष्टीवर कर घेते, तीच गोष्ट हळूहळू पिणाऱ्यालाही मोजावीशी वाटू लागते. बिअरच्या बाबतीत आजचा नियम असा : पाच टक्क्यांपर्यंत ‘माइल्ड’, पाचाहून अधिक ते आठ टक्क्यांपर्यंत ‘स्ट्राँग’. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनीही बिअरची कमाल मर्यादा आठ टक्केच ठेवली. अबकारीचा सगळा भर या दोन शब्दांवर आहे. धान्य कोणते, किती, किती दिवस मुरवले, याचा त्यात मागमूस नाही. आणि कायद्याचा शब्द बाजारात आला की तो बढाई होतो. मराठीत ‘कडक’ हे तसेही कौतुकाचेच विशेषण आहे. चहा कडक, इस्त्री कडक, भाषण कडक.

इथे एक साधा हिशेब मांडावा. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत आठ टक्क्यांनी ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो. ४२.८ टक्क्यांच्या साठ मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे २६. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली ही दोन मोठ्या पेगांच्या बरोबरीची. ‘बिअरच तर आहे’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी असते, त्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा. भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचाच वाटा मोठा आहे, आणि ती घेणारा बहुतेक वेळा चव विकत घेत नाही. रुपयामागे मिळणारे मिलिलिटर विकत घेतो. त्याच्यासाठी केलेल्या पेयाला काळा रंग दिला, म्हणून त्याची एल होत नाही.

काही रसिक या सगळ्याचे खापर आठ टक्क्यांच्या मर्यादेवर फोडतात. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. रशियाच्या कॅथरिन राणीच्या दरबारी जाणारी ‘इम्पीरियल’ स्टाउट किंवा इंग्लंडची ‘बार्ली वाइन’ या साधारणपणे आठ टक्क्यांच्या वरच्या बिअर. ती नावे येथील लेबलावर छापणे म्हणजे उंबरठ्याएवढ्या भिंतीला तटबंदी म्हणणे. पण लंडनची मूळ पोर्टर सहा-सात टक्क्यांचीच होती, आणि तिच्यात अंग होते, चव होती, वय होते. तेव्हा मर्यादा ही सबब पुरेशी नाही. ज्या राज्यात शेजारच्याच कपाटात ४२.८ टक्क्यांची बाटली उभी असते, तिथे बिअरला आठावर रोखून कोणते आरोग्य राखले जाते, हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारायलाच हवा.

खरी खंत दुसरीच आहे, आणि तिच्यासाठी थेट पश्चिम आफ्रिकेत जावे लागते. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या मॉल्टच्या आयातीवर बंदी घातली. तिथल्या बिअर कंपन्यांपुढे दोनच वाटा होत्या : कारखाने बंद करणे किंवा घरच्या धान्याकडे वळणे. त्या ज्वारीकडे आणि मक्याकडे वळल्या. आयर्लंडचे नाव मिरवणारी कडक काळी स्टाउटही तिथे ज्वारीच्या आधाराने बनू लागली. ती साडेसात टक्क्यांची आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या मर्यादेतही सहज बसेल. दक्षिण आफ्रिकेत तर ज्वारी आणि मक्याची घरगुती आंबट बिअर कितीतरी जुनी आहे.

माण, खटाव, आटपाडी, जत. सातारा आणि सांगलीचा हा सारा दुष्काळी पट्टा ज्वारीचा. शाळूची भाकरी, हुरडा आणि आंबील ही या पट्ट्याची ओळख. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आंबवूनच केलेले पेय; मद्य नव्हे, पण आंबवण्याची कला या घरांना परकी नाही हे सांगायला पुरेसे. तरीही महाराष्ट्राच्या धोरणकर्त्यांना या धान्यातून काय दिसले? २००७ मध्ये राज्याने ज्वारी-बाजरीसारख्या धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले. डॉ. अभय बंग आणि इतरांनी त्याविरुद्ध रान उठवले, आणि ते रास्तच होते. वादाच्या दोन्ही बाजूंना ज्वारी दिसली ती भट्टीतून निघणाऱ्या निर्गंध, निरंग मद्यार्काच्या रूपातच. धान्य आत जाते आणि त्याची एकही खूण बाहेर येत नाही, अशी ती प्रक्रिया. १८७८ ची नजर २००७ मध्येही शाबूत होती.

द्राक्षाच्या वाट्याला निदान एक प्रयोग आला. २००१ च्या धोरणाने वाइनला शेतीच्या उद्योगाचा मान दिला, आणि विंचूरबरोबर सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभा राहिला. त्या पार्कचे पुढे जे झाले ते आशेप्रमाणे झाले नाही; त्यावर स्वतंत्र थ्रेड लागेल. पण वाइनबद्दल बोलताना निदान द्राक्षाची जात, माती, हंगाम यांची भाषा बोलली गेली. बिअरसाठी ती भाषा कधी घडलीच नाही. कायद्याच्या लेखी बिअर ‘विदेशी मद्य’ आहे, भले ती मराठी मुलखात, इथल्याच पाण्यात गाळलेली असो.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो याच जिल्ह्यांतून सर्वांत जोरकसपणे येणार : घरे उद्ध्वस्त होत असताना चवीची चर्चा कसली? आक्षेपामागे मोठी परंपरा आहे. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध पत्र लिहिले. प्रिचर्डच्या नव्या अबकारीला तेव्हा दोनच वर्षे झाली होती, हा कालक्रम लक्षात ठेवावा. पुढे १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावागावांत सावकारीबरोबर दारूवरही बडगा उगारला. तेव्हा सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. अलीकडच्या काळात गावातल्या बायका मतदान करून दारूचे दुकान बंद करू शकतात. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला पुरेशी मते पडली की दुकानाला कुलूप.

हा आक्षेप गंभीरपणे घेतला, तर तो चवीच्या बाजूनेच वळतो. फुल्यांचा, प्रतिसरकारचा आणि आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायकांचा राग ज्या दारूवर आहे, ती केवळ चढण्यासाठी घेतलेली दारू आहे. स्वस्त जोर, झटपट जोर, मोजून विकलेला जोर. दीडशे वर्षे अबकारीने नेमके हेच मोजले, यावरच महसूल उभारला आणि मग पिणाऱ्याने दुसरे काही ओळखायला शिकावे अशी अपेक्षा ठेवली. काळी एल तिच्या लायकीची झाली, तर माणूस ती एका बैठकीत तीन बाटल्या पिऊ शकत नाही. तिचे अंगच त्याला थांबवते. पोकळ स्ट्राँगला असे काही आड येत नाही.

तोवर नव्या ब्रुअरना एवढे तरी करता येईल. लेबलावरचे जहाज उतरवावे, आणि त्या जागी बाटलीत मॉल्ट किती, साखर किती आणि पेय किती आठवडे मुरले, हे छापावे. कायदा हे विचारत नाही, पण सांगायला मनाईही करत नाही. आणि कोणाला धाडस करायचेच असेल, तर शाळूचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. दहिवडीपासून जतपर्यंत खळी तेव्हा भरलेली असतात.